लग्नाबद्दल इंग्लिशमध्ये बोलताना या चुका टाळा

लग्नाचा विषय निघाला की चांगलं इंग्लिश बोलणारेसुद्धा 'विथ'पाशी हमखास घसरतात. आपण अमक्याशी लग्न करतो ना, मग त्या 'शी'साठी इंग्लिश शब्द हवाच असं वाटतं आणि 'ही मॅरिड विथ अ डॉक्टर' असं तोंडातून निघून जातं. मॅरीच्या पुढे काहीच लागत नाही, 'ही मॅरिड अ डॉक्टर', विषय संपला. गेट मॅरिड म्हणायचं असेल तर मात्र 'टू' हवा, 'ही गॉट मॅरिड टू अ डॉक्टर', एंगेज्डलाही टूच. आणि प्रपोजमध्ये आपण नेमकं उलटं करतो, तिथे टू हवा असतो आणि आपण गाळतो, 'ही प्रपोज्ड हर' नाही, 'ही प्रपोज्ड टू हर'.

आता गंमत म्हणजे 'शी इज मॅरिड विथ टू किड्स' हे वाक्य अगदी बरोबर आहे, फक्त त्याचा अर्थ ती विवाहित आहे आणि तिला दोन मुलं आहेत, त्यामुळे हे कुठेतरी वाचून 'विथ चालतं की' असा निष्कर्ष काढू नका.

दुसरी भानगड काळाची, आणि माझ्या मते हीच जास्त महाग पडते, कारण विथची चूक समोरचा समजून घेतो पण इथे अर्थच बदलतो. लग्न ज्या दिवशी झालं ती घटना म्हणजे गॉट मॅरिड, आणि तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे ती अवस्था म्हणजे हॅव बीन मॅरिड. म्हणून 'आय ॲम मॅरिड सिन्स 2015' चुकीचं, 'आय हॅव बीन मॅरिड सिन्स 2015' म्हणा, किंवा सरळ 'आय गॉट मॅरिड इन 2015'. साल सांगितलं की 'हॅव गॉट मॅरिड' नको, साधा भूतकाळच. आणि संसार सुखाचा चालू असेल तर 'आय वॉज मॅरिड फॉर फाइव्ह इयर्स' असं चुकूनही म्हणू नका, कारण लग्न आता संपलंय असं समजून ऐकणारा बिचारा 'ओह, आय ॲम सॉरी' म्हणून मोकळा होईल 😄

मॅरेज आणि वेडिंगचंही असंच. वेडिंग म्हणजे तो समारंभ, मॅरेज म्हणजे त्यानंतरचं सगळं. मित्र लग्न करून सुट्टीवरून परत आला आणि तुम्ही 'हाऊ वॉज युवर मॅरेज?' विचारलं तर ते 'संसार कसा होता रे?' असं ऐकू येतं, म्हणजे आता संपलाच जणू. तिथे वेडिंग म्हणा. ॲनिव्हर्सरीलाही वेडिंगच, आपल्याकडे मॅरेज ॲनिव्हर्सरी इतकं रुळलंय की कोणी हसणार नाही, पण बाहेरच्यांना ते जरा वेगळं वाटतं. लग्न ठरलं हे सांगताना 'माय मॅरेज इज फिक्स्ड' नको, काहीतरी मोडलेलं दुरुस्त केलंय किंवा आतून सेटिंग झालंय असा वास येतो त्याला. 'आय ॲम गेटिंग मॅरिड इन मे' म्हणा, पुढच्या ठरलेल्या गोष्टीला हाच काळ चालतो, विल लावायची गरज नाही.

अरेंज मॅरेज नाही, अरेंज्ड मॅरेज, तो शेवटचा 'ड' बोलताना गिळला तरी लिहिताना गिळू नका. पत्रिकेवर 'प्लीज आरएसव्हीपी'सुद्धा नको, आरएसव्हीपी म्हणजे 'येणार की नाही ते कृपया कळवा', त्या फ्रेंच अक्षरांतच प्लीज आहे.

नात्यांमध्ये इंग्लिश फार कंजूष आहे बुवा. नणंद, जाऊ, मेहुणी, वहिनी सगळ्या सिस्टर-इन-लॉ, आणि अनेकवचन करताना एस सिस्टरला लागतो, लॉला नाही, सिस्टर्स-इन-लॉ. जावेसाठी आपण को-सिस्टर म्हणतो ते भारताबाहेर कोणाला कळत नाही, तिथे सरळ 'माय हजबंड्स ब्रदर्स वाइफ' सांगा, लांबलचक वाटेल पण निदान पुढचे प्रश्न वाचतील.