जुनी बाहुली तुटकी असली तरी आधी मान बघा

चिनी मातीच्या डोक्याच्या जुन्या जर्मन बाहुलीची ओळख चेहऱ्यावरून पटवू नका. केसांचा टोप अलगद उचलून मानेमागचा ठसा वाचा. ‘जर्मनी’ असा शिक्का असेल तर ती बहुधा १८९१ नंतरची, कारण त्या वर्षापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव लागू लागलं. ‘ए एम’ आणि ३९० हा साच्याचा क्रमांक दिसला तर ती आर्मांड मार्सेल या जर्मन बाहुली-कारखानदाराची. या साच्याच्या बाहुल्या इतक्या निघाल्या की फार मोठ्या किमतीची आशा नको.

किंमत ठरते डोक्यावर. अंधारात डोक्याच्या आतून टॉर्च लावा. केसाएवढी चीरही काळ्या रेघेसारखी उमटते आणि भाव धाडकन पडतो. तुटलेलं बोट, हातपाय जोडणारं सैल झालेलं इलॅस्टिक यांचं एवढं नाही. फेव्हिक्विक मात्र दूर ठेवा!

कपडे धुवायचे नाहीत, अगदी मळके असले तरी. जुनं रेशीम पाण्यात विरतं. नायलॉनची लेस किंवा वेल्क्रो दिसलं, तर निदान तेवढा भाग १९४० नंतरचा. मूळ झगा आणि बूट फाटके असले तरी जपा, कधीकधी त्यांनाच वेगळं गिऱ्हाईक मिळतं.