चुलीचा धूर कमी करा, फुप्फुसं लवकर म्हातारी होऊ देऊ नका

पंचविशीनंतर फुप्फुसांची ताकद दरवर्षी थोडी घटतेच. एका सेकंदात बाहेर फेकली जाणारी हवा साधारण 25-30 मिलिलिटरने कमी होते. रोजचा धूर ही घट वाढवतो आणि मोतीबिंदूचा धोकाही. त्यामुळे बिडीला कधी न शिवलेल्या बायकांनाही साठीत जिना चढताना धाप लागते.

सुरुवात सरपणापासून. ओलं लाकूड जळत नाही, धुमसतं. मनगटाएवढ्या जाडीच्या ढलप्या करून, जमिनीपासून वीतभर उंच, छपराखाली रचा. पावसाळ्याआधी निदान सहा महिने वाळू द्या. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्यावर टणक आवाज आला, तर वाळल्या. एका वेळी दोन-तीनच घाला. चूल गच्च भरली की हवा कोंडते आणि धूर वाढतो. वैल (चुलीचं जोडीचं तोंड) रिकामा असेल तर झाका.

धुराडं सरळ, चार इंची, कौलांच्या आढ्यापेक्षा दोन फूट उंच हवं. आढ्याखाली राहिलं तर वाऱ्याने धूर उलटा घरात येतो. दर पंधरवड्याला काजळी खरवडा. बहुतेक धुराडी काजळी साचूनच बंद पडतात.

पेटवायला प्लास्टिक नको, त्याचा धूर विषारी. चहा, दूध गॅसवर. अंघोळीचा बंब अंगणात. तान्ह्या बाळाला चुलीपाशी घेऊन बसू नका. थंडीत निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणं तर जीवघेणंच, कारण निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वासच नसतो.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयासाठी थुंकी तपासून घ्या आणि स्पायरोमेट्रीबद्दल (नळीत फुंकून फुप्फुसांची ताकद मोजण्याची तपासणी) डॉक्टरांना विचारा.