लॉगिननंतर काळी स्क्रीन: डेस्कटॉप सपोर्टमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

पासवर्ड टाकला, 'वेलकम' आलं आणि स्क्रीन काळी पडली. विंडोजच्या सपोर्टमध्ये ही तक्रार हमखास येते आणि नवीन माणूस हमखास चुकीच्या टोकाला हात घालतो. केबल हलवतो, रॅम काढून पुसतो, मग ग्राफिक्स ड्रायव्हरच्या मागे लागतो. थांबा. लॉगिनची स्क्रीन दिसली ना? मग मॉनिटर, केबल, कार्ड, रॅम हे सगळं निदान तिथपर्यंत तरी चाललं. कॅबिनेट उघडायची वेळ अजून आलेली नाही.

आधी दोन गोष्टी बघा. काळ्या स्क्रीनवर माउसचा बाण दिसतो का, आणि कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबल्यावर लॉक, साइन आउट, टास्क मॅनेजर असे पर्याय येतात का. फोनवरून मदत करत असाल तर हे विचारल्याशिवाय युजरला एकही बटण दाबायला लावू नका.

दोन्ही नसेल तर चित्र पोचत नाहीये असं धरा. डॉक, प्रोजेक्टर, दुसरा मॉनिटर असं जे काही जोडलेलं असेल ते काढा. डेस्कटॉप बंद पडलेल्या दुसऱ्या मॉनिटरवर गेलेला असू शकतो. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. बहुतेक वेळा बीप ऐकू येतो आणि स्क्रीन क्षणभर लुकलुकते. एवढ्याने चित्र आलं तर संशय ड्रायव्हरवर.

इथे सेफ मोडबद्दल, म्हणजे विंडोज मोजक्या गोष्टींवरच सुरू करण्याच्या पद्धतीबद्दल, एक इशारा. सेफ मोडमध्ये डेस्कटॉप आला की 'ड्रायव्हरच खराब' असं लिहून मोकळे होऊ नका. सेफ मोड फक्त ड्रायव्हर बाजूला ठेवत नाही, स्टार्टअपचे प्रोग्रॅम आणि बहुतेक बाहेरच्या सर्व्हिसही थांबवतो. दोष त्यातल्या कशाचाही असू शकतो. नक्की करायचं असेल तर सेफ मोडमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अडॅप्टर डिसेबल करा आणि मशीन नेहमीसारखं सुरू करा. विंडोज स्वतःच्या बेसिक ड्रायव्हरवर चालेल, अक्षरं मोठी आणि बेढब दिसतील. पण डेस्कटॉप आला तर ड्रायव्हर दोषी. मग अडॅप्टर परत एनेबल करून 'रोल बॅक ड्रायव्हर' वापरा, किंवा जुना काढून नवा घाला. डेस्कटॉप तरीही आला नाही तर ड्रायव्हरचा नाद सोडा.

सेफ मोडसाठी लॉगिन स्क्रीनवरच शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा. पुढे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग ४ (साधा सेफ मोड), ५ (नेटवर्कसह) किंवा ६ (कमांड प्रॉम्प्टसह). डिस्क बिटलॉकरने (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) कुलूपबंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी हातात घ्या, नाहीतर मध्येच अडकाल. पॉवर बटण दाबून दाबून मशीन पाडायची सवय मात्र लावून घेऊ नका. आधीच दुखावलेल्या फाइल सिस्टिमला आणखी मार कशाला?

आता जास्त वेळा दिसणारी स्थिती: बाण हलतोय, कंट्रोल-ऑल्ट-डिलीट चालतंय. म्हणजे चित्र ठीक आहे, डेस्कटॉप आलेला नाही. लॉगिन झाल्यावर 'विनलॉगऑन' हा प्रोसेस 'यूजरइनिट'ला हाक मारतो, यूजरइनिट लॉगिन स्क्रिप्ट वगैरे उरकतो आणि 'एक्सप्लोरर' सुरू करतो. टास्कबार, आयकॉन, वॉलपेपर हे सगळं एक्सप्लोररच्या अंगावर. ही साखळी कुठे तुटली ते शोधायचं, एवढंच काम आहे. म्हणून घाबरू नका. युजरचा डेटा जवळपास नेहमीच सुखरूप असतो, आणि हे त्याला लगेच सांगा; त्याचा जीव टांगणीला लागलेला असतो.

टास्क मॅनेजर उघडा आणि यादीत एक्सप्लोरर आहे का बघा. नसेल तर 'रन न्यू टास्क'मध्ये 'एक्सप्लोरर डॉट ईएक्सई' टाका. अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालवण्याची खूण करू नका, युजरचा डेस्कटॉप साध्या अधिकारानेच चालला पाहिजे. आता काय होतं ते नीट बघा. डेस्कटॉप आला आणि टिकला, तर सुरू करणाऱ्या कडीत गडबड आहे. डेस्कटॉप येऊन लगेच पडतो, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या घडामोडींची नोंदवही) अ‍ॅप्लिकेशन लॉगमधली १००० क्रमांकाची नोंद उघडा; 'फॉल्टिंग मॉड्यूल' म्हणून जी फाइल दिसेल ती बहुतेक वेळा कुठल्यातरी बाहेरच्या सॉफ्टवेअरने एक्सप्लोररला जोडलेली पुरवणी असते. ते सॉफ्टवेअर काढा. आणि डेस्कटॉपऐवजी फक्त फोल्डरची एक खिडकी उघडली, टास्कबार नाही, यादीतही आधी एक्सप्लोरर नव्हता, तर रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) 'शेल' व्हॅल्यू, म्हणजे डेस्कटॉप म्हणून कोणता प्रोग्रॅम सुरू करायचा ती नोंद, बदललेली असण्याची दाट शक्यता आहे.

डेस्कटॉप आला म्हणून तिकीट (तक्रारीची नोंद) बंद करू नका. पुढच्या लॉगिनला तीच काळी स्क्रीन परत येणार आहे.

शेल व्हॅल्यू बघायची जागा: एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, विनलॉगऑन. तिथे 'शेल'समोर फक्त एक्सप्लोरर डॉट ईएक्सई हवं. कधी कधी व्हायरसने तिथे स्वतःचं नाव घुसवलेलं असतं. अँटीव्हायरस फाइल उडवतो, नाव तसंच राहतं. हाच रस्ता एचकी करंट युजरमध्येही आहे, पण तिथे 'शेल' ही व्हॅल्यू साधारणपणे नसतेच. असली तर त्या युजरपुरती तीच चालते, लोकल मशीनमधली कितीही बरोबर असली तरी.

आणि सापळा नेमका इथे आहे. हे सावकाश वाचा.

युजर साधा आहे, अ‍ॅडमिन नाही. तुम्ही त्याच्या लॉगिनमध्ये रजिस्ट्री एडिटर अ‍ॅडमिन म्हणून उघडला आणि पासवर्डच्या खिडकीत तुमचं अ‍ॅडमिन खातं टाकलं. आता समोरचा 'करंट युजर' कोण? तुम्ही! एडिटर तुमच्या खात्याने चाललाय, म्हणून तो तुमची रजिस्ट्री दाखवतोय. ती स्वच्छच असणार. तुम्ही 'इथे काही नाही' म्हणून पुढे जाता आणि खरी बिघडलेली व्हॅल्यू शेजारच्या फांदीत तशीच पडून राहते. यावरून विंडोज नव्याने टाकलेली मशीनं काही कमी नाहीत, आणि गरज एका व्हॅल्यूची होती.

उपाय सोपा आहे. युजरच्या लॉगिनमध्ये, अ‍ॅडमिन न होता, टास्क मॅनेजरमधून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'हू अ‍ॅम आय' ही कमांड (सलग, एकच शब्द) 'स्लॅश युजर' जोडून चालवा. बहुतेक वेळा एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक मिळेल, तो लिहून घ्या. मग अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या एडिटरमध्ये 'एचकी युजर्स'खाली तोच क्रमांक शोधा. शेवटी 'क्लासेस' जोडलेली जुळी फांदी असते, ती नको. खरी त्या युजरची रजिस्ट्री ही. शेल व्हॅल्यू सापडली तर आधी एक्सपोर्ट करून ठेवा, मगच पुसा. एक अपवाद लक्षात ठेवा: एकाच अ‍ॅपसाठी बांधलेल्या किऑस्क मशीनवर शेल मुद्दाम बदललेला असतो, कधी ग्रुप पॉलिसीतूनही (ऑफिसने मशीनवर लावलेले नियम). तिथे विचारल्याशिवाय हात लावू नका.

रिकव्हरीच्या निळ्या पडद्यातून रजिस्ट्री उघडली तरी हीच फसगत होते. तिथे दिसणारं 'लोकल मशीन' त्या छोट्या रिकव्हरी सिस्टिमचं असतं. त्यात केलेला बदल रीस्टार्टनंतर वाऱ्यावर जातो. लोकल मशीनवर क्लिक करून 'लोड हाइव्ह' घ्या (हाइव्ह म्हणजे रजिस्ट्रीची फाइल), विंडोज फोल्डरमधल्या सिस्टिम३२, कॉन्फिगमधली 'सॉफ्टवेअर' ही फाइल उचला, तिला तात्पुरतं नाव द्या, तिच्यात दुरुस्ती करा आणि 'अनलोड' करायला विसरू नका. एका युजरची फांदी हवी असेल तर त्याच्या फोल्डरमधली 'एनटीयूजर डॉट डॅट' लोड करा. ड्राइव्हची अक्षरं तिथे बदललेली असू शकतात, सी म्हणजे सीच असं धरून चालू नका.

शेल ठीक निघाला तर नवं लोकल खातं बनवून त्यात लॉगिन करा. तिथे डेस्कटॉप आला तर दोष त्या युजरच्या प्रोफाइलमध्ये, नाही आला तर सिस्टिममध्ये. माझ्या मते ही चाचणी सगळ्यात कमी वेळ खाते आणि सगळ्यात जास्त सांगते, तरी लोक ती शेवटी करतात. ऑफिसच्या नेटवर्कवरचं मशीन असेल तर एकदा नेटवर्क तोडून लॉगिन करा; डेस्कटॉप पटकन आला तर लॉगिन स्क्रिप्ट किंवा न सापडणारा नेटवर्क ड्राइव्ह वाट अडवतोय. मोठ्या अपडेटनंतरचं पहिलं लॉगिन असेल तर काही मिनिटं निव्वळ वाट बघा.

सिस्टिम फाइल्स दुरुस्त करताना आधी 'डिझम'ची रिस्टोअरहेल्थ, मग 'एसएफसी'ची स्कॅननाऊ; दोन्ही विंडोजच्याच दुरुस्तीच्या कमांड. एसएफसी चांगल्या प्रती ज्या साठ्यातून उचलतो तो साठा डिझम दुरुस्त करतो, म्हणून हा क्रम. डिझमचा आकडा मध्येच बराच वेळ हलत नाही. खिडकी बंद करू नका.

रजिस्ट्री क्लीनर नावाची सॉफ्टवेअरं मशीनवर आणूच नका. 'फॉरमॅट मार आणि मोकळा हो' म्हणणाऱ्या सीनियरकडून काही शिकायला मिळणार नाही. जो 'हात लावायच्या आधी काय दिसतंय ते लिही' असं सांगतो, त्याच्या शेजारी बसा, तो कितीही खेकसला तरी.

दुरुस्तीची खात्री करताना रीस्टार्ट वेगळं आणि शटडाउन वेगळं करून बघा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. रीस्टार्टमध्ये सगळं मुळापासून सुरू होतं. दोन्हीनंतर, त्याच युजरच्या लॉगिनने, हाताने एक्सप्लोरर सुरू न करता डेस्कटॉप आला, की तिकिटात बदललेल्या व्हॅल्यूचा पूर्ण रस्ता आणि तिच्यात आधी काय होतं ते लिहा आणि मग ते बंद करा.