ट्रम्पेटचा माउथपीस बदलायचाय? आषाढ येऊ द्या

सांगली-मिरजेकडच्या बँडवाल्यांना माउथपीस, म्हणजे ट्रम्पेटचा ओठाला लावायचा तुकडा, बदलायची हुक्की येते ती नेमकी लग्नसराईत. वरातीत तिसऱ्या तासाला वरचे सूर फाटायला लागले की खापर माउथपीसवर फुटतं. तेव्हा हात लावू नका. ओठ थकलेत, एवढंच. नव्या रिमला, म्हणजे ओठाला टेकणाऱ्या काठाला, ओठ सरावायला दोन-तीन आठवडे लागतात. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात आणि गणपतीला साधारण पावणेदोन महिने असतात, तेवढ्यात काम होतं.

आधी जुन्यावरचा नंबर वाचा. बाख कंपनीच्या माउथपीसमध्ये आकडा लहान तितका कप, म्हणजे आतली वाटी, रुंद. पुढचं अक्षर खोली सांगतं, ए सर्वांत खोल, एफ उथळ. यामाहात सगळं उलटं आहे, आकडा मोठा तर कप रुंद. इथेच दुकानात फसगत होते. बाखच्या ७सीचा व्यास १६.२० मिमी, ३सीचा १६.३०. फरक केसाएवढा, पण ओठाला लगेच कळतो. एका वेळी एकच गोष्ट बदला: रुंदी किंवा खोली. दोन्ही बदलल्या तर कशाने काय झालं ते उमगत नाही.

वरच्या सुरांसाठी एकदम उथळ कप घेण्याचा मोह आवरा. आवाज धारदार होतो हे खरं, पण ओठ जाड असतील तर ते कपच्या तळाला टेकतात आणि सूर मधेच तुटतो. शिवाय खालचे सूर पातळ होतात.

घेण्याआधी बसवून बघा. माउथपीसची दांडी साधारण एक इंच ट्रम्पेटच्या आत जायला हवी आणि ती जराही डुगडुगता कामा नये. खूप आत जाऊन हलत असेल तर तो बहुधा कॉर्नेटचा, म्हणजे ट्रम्पेटसारख्याच आखूड वाद्याचा आहे. त्याची दांडी बारीक असते. रिमवरून बोट फिरवा. चांदीचा मुलामा उडून पितळ उघडं पडलं असेल तर सोडून द्या, ओठाला खाज सुटते.

पहिला आठवडा रोज पंधरा-वीस मिनिटंच, मधल्या पट्टीतले लांब सूर, हळू आवाजात. ट्यूनर (सूर बरोबर आहे का ते दाखवणारं यंत्र) समोर ठेवा, कारण नव्या माउथपीसवर सूर थोडा वर-खाली सरकतो; ट्यूनिंगची नळी पुन्हा लावावी लागते. रिमचा वळ ओठावर बराच वेळ राहिला तर तुम्ही दाबताय. दुसऱ्या आठवड्यात वेळ वाढवा, वरचे सूर सगळ्यात शेवटी. मधेच जुना लावून ‘जरा बघू’ करू नका, सराव पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

धुवायला कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि माउथपीसचा ब्रश. घरातल्या तांब्याला लावतात ती चिंच किंवा पितांबरी याला नको, मुलामा झिजतो. बसवताना तळहाताने ठोकू नका. अडकलाच तर पक्कड लावू नका, पुढची नळी पिळवटते. दुरुस्तीवाल्याकडे ओढून काढायचं हत्यार असतं, त्याच्याकडून काढून घ्या.