ईश्वरावरील आपली श्रद्धा कशी तपासावी

‘ईश्वर आहे, कारण माझी तशी श्रद्धा आहे,’ हे कारण पुरेसे आहे की नाही हे प्रामाणिकपणे पाहायचे असेल, तर त्यात मिसळलेले दावे आधी सुटे करावेत. एका कागदावर तीन ओळी लिहाव्यात: ईश्वर आहे, तो अमुक गोष्ट घडवतो, म्हणून मी असा वागतो. तिन्हींची तपासणी वेगवेगळी करावी लागते.

सुरुवात मधल्या ओळीपासून करावी, कारण तिचा पडताळा घेता येतो. कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरातील किरणोत्सव देवीच घडवते, हा दावा घ्या. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून आत येऊन देवीच्या चरणांपासून चेहऱ्याकडे सरकतात. एखाद्या वर्षी ढग किंवा वाटेतील बांधकामे आडवी आली, की ती चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत. हे दोन्ही काळ वर्षातील सर्वांत लहान दिवसाच्या आधी आणि नंतर सुमारे ४२ दिवसांवर येतात, त्यामुळे दोन्ही वेळी सूर्य क्षितिजावर जवळपास एकाच जागी मावळतो आणि पश्चिमाभिमुख मूर्तीच्या समोर येतो. एवढे समजल्यावर स्वतःला विचारावे, की माझा भक्तिभाव कमी झाला का? झाला असेल, तर तो चमत्कारावर उभा होता. झाला नसेल, तर त्याचा आधार दुसरीकडे आहे, आणि तो शोधणे हेच पुढचे काम.

आता पहिली ओळ. न्यायदर्शन या भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखेने ज्ञानाची चार साधने, म्हणजे प्रमाणे, मानली: प्रत्यक्ष (इंद्रियांचा अनुभव), अनुमान (तर्क), उपमान (साम्यावरून ओळख) आणि शब्द (दुसऱ्याचे सांगणे). श्रद्धा त्यांत नाही. म्हणूनच ईश्वर मानणाऱ्या उदयनाचार्य या न्यायपंडितांनाही त्याच्या सिद्धीसाठी अनुमाने मांडावी लागली. शब्द प्रमाण आहे खरा, पण तो आप्ताचा, म्हणजे जाणकार आणि खरे सांगणाऱ्या माणसाचा. तेव्हा ज्यांच्या सांगण्यावरून आपण मानतो, त्यांना हे कसे कळले हे विचारावे. असे विचारण्यात अनादर नाही. शिवाय आपल्याइतक्याच उत्कटतेने अगदी उलट मानणारा माणूस डोळ्यांपुढे आणावा. उत्कटता हाच पुरावा असता, तर परस्परविरोधी अशा दोन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या असत्या. माझ्या मते इथे स्पष्ट बोलावे: श्रद्धेने ईश्वराचे अस्तित्व सिद्ध होत नाही.

मग श्रद्धा ठेवूच नये का? अपुऱ्या पुराव्यावर काहीही मानणे सदैव चूक आहे, असे इंग्लंडचे गणितज्ञ आणि तत्त्वज्ञ डब्ल्यू. के. क्लिफर्ड यांनी १८७७ मध्ये मांडले. अमेरिकेचे तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९६ मध्ये उत्तर दिले, की निवड टाळता येत नसेल, ती आयुष्याला भिडणारी असेल आणि बुद्धीला तिचा निकाल लावता येत नसेल, तर मनाचा कौल मानण्याचा माणसाला अधिकार आहे. मला जेम्स पटतात, परंतु एका अटीवर: त्या निवडीची किंमत दुसऱ्याने मोजता कामा नये. साप चावलेल्या लेकराला कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात न नेता मांत्रिकाकडे नेणारा बाप स्वतःच्या श्रद्धेची किंमत मुलाच्या जिवाने मोजत असतो. अशा वेळी उपचार रोखून मंत्रतंत्र करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले आहे, आणि ते योग्यच आहे.

तिसरी ओळ तपासताना हीच अट लावावी. ‘चांगभलं’ म्हणत, गुलालाने माखून जोतिबाच्या डोंगरावर चढणाऱ्या भक्ताने कोणालाही पुरावा देण्याची गरज नाही; तेथे श्रद्धा हे पुरेसे कारण आहे. मात्र त्याच श्रद्धेपोटी तो सुनेला उपवासाची सक्ती करू लागला किंवा शेजाऱ्याकडून दमदाटीने वर्गणी घेऊ लागला, तर ‘माझी श्रद्धा आहे’ हे उत्तर चालणार नाही. सुनेला आणि शेजाऱ्याला पटेल असे कारण त्याने दिले पाहिजे, आणि ते देता येत नसेल तर मागणी सोडून दिली पाहिजे.