गिऱ्हाईकाची कंप्लेंट आली की काय करायचं? फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांसाठी

घरून फराळाच्या ऑर्डरी घेणारे आता जवळजवळ प्रत्येक सोसायटीत आहेत, आणि चकली-चिवडा-लाडू बहुतेकांचे चांगलेच असतात. तरी लोक दरवर्षी एकाच ताईंना फोन करतात. चव तर लागतेच, पण गिऱ्हाईक टिकतं ते काहीतरी बिघडलं तेव्हा तुम्ही कसं वागलात त्यावर, हे माझं अगदी ठाम मत आहे. मी फराळ धरून लिहितेय, पण डबे, केक, ब्लाउज शिवणं, कशालाही हे चालेल.

1. पाकिटावर घाण्याचा नंबर टाका

ही तयारी ऑर्डर जायच्या आधीची. प्रत्येक पाकिटावर मार्करने तारीख आणि कितवा घाणा ते लिहायचं, आणि वहीत त्या नंबरसमोर कोणाकोणाला गेलं त्यांची नावं. गडबडीत कंटाळा येतो, पण याचा उपयोग पुढे कळेल.

2. आधी रिप्लाय, शोधाशोध नंतर

रात्री साडेनऊला मेसेज येतो, "ताई, चकल्या मऊ पडल्यात." तुम्ही दिवसभर तळून दमलेल्या असता आणि तोंडावर पहिलं येतं ते "आमच्याकडून तर कुरकुरीतच गेल्या होत्या, तुमचा डबा उघडा राहिला असेल." हे टाइप करू नका. अगदी खरं असलं तरी नको, कारण समोरच्या बाईला त्यातून एवढंच ऐकू येतं की तुम्ही खोटं बोलताय. त्यापेक्षा असं काहीतरी लिहा:

"काकू, सांगितलंत ते बरं केलंत, सॉरी. पाहुणे कधी येणारेत? पाकिटावरचा नंबर तेवढा कळवा. उद्या संध्याकाळपर्यंत दुसऱ्या चकल्या पाठवते, नको असतील तर पैसे लगेच परत करते."

यात चूक कोणाची हा विषयच काढलेला नाही, वेळ दिलेली आहे आणि काय हवं ते काकूंनी ठरवायचंय. फोटो मागत बसू नका, मऊ चकलीच्या फोटोत काय दिसणार? लाडू फुटले असतील तर फोटो ठीक आहे, कुरियरवाल्याला दाखवायला लागतो. आणि वेळ जमेल तीच सांगा. एकदा चुकलं तर लोक समजून घेतात, पण त्याच कंप्लेंटमध्ये दिलेला शब्दही पाळला नाही तर परत फोन येत नाही.

3. पैशात हात आखडू नका

अर्धा किलो चकलीचे पैसे गेले तर गेले. यूपीआयने तिथल्या तिथे परत करा, "आधी माल परत पाठवा" असं लावून धरू नका. रिफंडच्या ऐवजी पुढच्या ऑर्डरवर सूट देणं मला तर अजिबात पटत नाही, चिडलेल्या माणसाला तुम्ही परत खरेदी करायला सांगताय. परदेशात गेलेलं पार्सल असेल तर दुसरा फराळ दिवाळीच्या आत पोचणं अवघड, तिथे सरळ पैसे द्या किंवा त्यांचे आईवडील इथे असतील तर त्यांच्या घरी डबा पोचवू का असं विचारा.

कायदाही माहीत असू द्या. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं बिलावर छापलं म्हणून सुटका होत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरलीये, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती 30 दिवस धरतात. गिऱ्हाईक 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करू शकतं. पण तिथपर्यंत जायची वेळ गिऱ्हाईकावर आली म्हणजे ते तुमच्या हातातून गेलंच.

4. घाणा शोधा आणि बाकीच्यांना आपणहून कळवा

चकली मऊ पडायची कारणं ठरलेली असतात, कोमट असतानाच पाकिटात भरली आणि वाफ आत धरली, किंवा मोठ्या आचेवर भरभर तळल्याने वरून रंग आला पण आत ओलावा राहिला. त्याच घाण्यातली एखादी शिल्लक असेल तर मोडून बघा. गडबड दिसली की वही उघडा आणि त्या नंबरच्या सगळ्यांना फोन करा, ज्यांनी अजून पाकीट फोडलेलंही नाही त्यांनासुद्धा. नेमकं हेच कोणी करत नाही, कारण वाटतं कशाला झोपलेल्याला उठवा. पण गिऱ्हाईकाला कळायच्या आत तुम्ही स्वतः सांगितलंत, बदलून दिलंत, की ते माणूस पुढे दहा जणांना तुमचाच नंबर देतं.

5. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी लिहिलं तर

तिथे एकच ओळ, "सॉरी काकू, आत्ताच फोन करते", आणि खरंच फोन करायचा. ग्रुपवर वाद नको, मेसेज डिलीट करा अशी गळही घालू नका. बदलून दिल्यावर दोन दिवसांनी "आता बऱ्या निघाल्या ना?" एवढं नक्की विचारा.

6. उगाच तक्रार करणारे

असतात, अर्धं पाकीट संपवून पैसे मागणारे. पहिल्यांदा विश्वास ठेवा, वहीत नोंद करा, तेच परत परत झालं तर पुढची ऑर्डर गोड बोलून नाकारा. पण त्यांच्या रागापायी बाकीच्यांकडे संशयाने बघू नका.

7. हाताखालच्यांना अधिकार द्या

मदतीला बायका असतील तर ठरावीक रकमेपर्यंत माल बदलून द्यायला त्यांना तुम्हाला विचारावं लागू नये. आणि बिघडलेल्या घाण्याचे पैसे त्यांच्या मजुरीतून कधीच कापू नका, नाहीतर पुढचा बिघडलेला घाणा त्या तुम्हाला न सांगता पाकिटात भरतील.