जुन्या टार्गेट स्कोपचा पॅरालॅक्स कसा काढायचा

वीव्हरची टी सिरीज, रेडफील्ड ३२००, नाहीतर लांब नळीचा युनर्टल, असा एखादा जुना टार्गेट स्कोप (नेमबाजीच्या रायफलवरची दुर्बीण) हाती लागला की पोरं काय करतात तर पुढची रिंग धरून गरागरा फिरवतात आन चित्र साफ दिसलं की म्हणतात झालं सेट. नाही झालं भाऊ. पुढची रिंग नंतर, आधी डोळ्याकडची.

स्कोपात दोन वेगळे फोकस असतात. मागचा आयपीसचा, म्हणजे डोळ्याकडच्या काचेचा, तो तुमचा डोळा आन क्रॉस (आतल्या नेम धरायच्या उभ्या-आडव्या रेघा) यांच्यातला. पुढचा ऑब्जेक्टिव्हचा, म्हणजे पुढच्या काचेचा, त्यानं टार्गेटचं चित्र बरोबर क्रॉसच्या जागेवर आणून बसवायचं. ते चित्र क्रॉसच्या मागं किंवा पुढं पडलं की पॅरालॅक्स आला, मग डोळा जरा हलला तरी क्रॉस टार्गेटवर सरकतो. हाताचं बोट समोर धरा, लांबचा विजेचा खांब बघा आन मान हलवा, बोट खांबावरून सरकतं ना, तेच आत व्हायलंय.

रायफल रिकामी, बोल्ट काढून बाजूला, हे वेगळं सांगायला नको पण सांगतो. वाळूच्या पिशव्यांवर अशी बसवा की हात न लावता टार्गेटवर राहील.

आता आयपीस. त्याची लॉक रिंग ढिली करा, स्कोप मोकळ्या आभाळाकडं नाहीतर चुन्याच्या पांढऱ्या भिंतीकडं करा (सूर्याकडं चुकूनही नाही, डोळा जाईल). आधी लांब कुठंतरी बघा, मग एक-दोन सेकंदच आत डोकवा. क्रॉस पहिल्या झटक्यात काळाकुट्ट दिसला पाहिजे. आत बघत बघत हळूहळू फिरवत बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आन तुम्हाला वाटतं जमलं, म्हणून नजर काढायची, फिरवायचं, परत डोकवायचं. जुन्या स्कोपाचे आटे बारीक असतात, पाव फेऱ्यानं काही फरक दिसत नाही, अर्धा-एक फेरा बिनधास्त द्या. चष्मा लावून नेम धरत असाल तर चष्मा लावूनच करा. जमलं की आयपीस धरून ठेवून लॉक रिंग आवळा आन परत हात लावू नका, दुसऱ्यानं स्कोप वापरला तरच बघायचं.

मग पुढची रिंग. अंतराच्या आकड्यावर आणा, पण आकड्यावर विश्वास ठेवू नका, एक तर ते बहुतेक यार्डात असतात (५० मीटर म्हणजे जवळपास ५५ यार्ड) आन वरून जुन्या आट्यांत ढिलाई येते. रायफलला धक्का न लावता डोळा वर-खाली, डावी-उजवीकडं हलवा. डोळा वर गेल्यावर क्रॉस खाली सरकायलाय, म्हणजे उलटा पळतोय, तर स्कोप जवळच्या अंतरावर लागलाय, रिंग मोठ्या आकड्याकडं न्या. डोळ्याच्याच दिशेनं पळतोय तर लहान आकड्याकडं. क्रॉस चिटकल्यासारखा एका जागी राहिला की थांबा. शेवटचं फिरवणं कायम एकाच बाजूनं करा, पुढं गेलात तर बरंच मागं येऊन परत त्याच बाजूनं या, म्हणजे आट्यातला खेळ नडत नाही. जागा सापडली की नेलपॉलिशची बारीक रेघ मारून ठेवा, छापील आकड्यांपेक्षा तीच खरी.

कधी कधी क्रॉस हलत नाही पण चित्र धुरकट, आन चित्र साफ केलं की क्रॉस हलतो. तेव्हा आयपीस चुकलाय, परत मागं जा. अगदीच अडलं तर चित्र थोडं धुरकट राहू द्या पण क्रॉस हलू देऊ नका.

हे काम आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये सकाळी लवकरच करा, दुपारी जमिनीतून अशी झळ उठते की टार्गेटच नाचतं. ओळखायचं कसं, तर डोळा स्थिर असताना टार्गेट लहरतंय तर ती झळ, डोळा हलवल्यावरच क्रॉस सरकतो तर पॅरालॅक्स. रिंग फिरवल्यावर काही जुन्या स्कोपात मारही (गोळी लागायची जागा) थोडा सरकतो, म्हणून पॅरालॅक्स आधी, झिरो (नेम आन मार जुळवणं) नंतर.

एवढा आटापिटा कशाला, तर हिशोब बघा. ४० मिलिमीटरची पुढची काच, स्कोप १०० यार्डावर लागलेला, आन तुम्ही ५० मीटरवर मारताय. डोळा अगदी कडेला गेला तर चूक ९ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे टार्गेटवरचं एखादं गुणांचं वर्तुळ. तोच स्कोप तसाच ठेवून १० मीटरवर मारलं तर जवळपास १८ मिलिमीटर, आन तिथं दहा गुणांचा ठिपका आहे अर्ध्या मिलिमीटरचा! आता आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटना) १० आन ५० मीटर रायफल मॅचला स्कोप चालतच नाही, पीप साइटच (बारीक भोकातून बघायची, बिनकाचेची) लागते, पण कोणता छर्रा आपल्या नळीला मानवतो हे तपासायला स्कोपच लावतात आन तिथं डोळ्याच्या चुकीचं बिल छर्र्यावर फाटतं.

रिंग जाम असेल तर पक्कड लावू नका, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून हातानं फिरवा. तेल तर अजिबात सोडू नका, ते आत काचेवर पसरतं. काचेवरची धूळ आधी ब्लोअरनं उडवा, उपरण्यानं पुसलं की ओरखडे पडलेच समजा. आन स्प्रिंगवाल्या एअर रायफलवर असला जुना स्कोप चढवू नका, तिचा झटका पुढं-मागं दोन्हीकडं बसतो आन आतल्या काचा ढिल्या होतात, पीसीपीवर (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी एअर रायफल) खुशाल लावा.